पहिल्या गिऱ्हाइकाचा चमचा

या घराच्या टेबलावर प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद आहे. तुम्हालाही तो सापडला असेल. वर ठळक अक्षरांत छापलंय: परिसरात काय पाहाल, काय घ्याल, कुठे जेवाल. खाली बारीक अक्षरांत घरमालकांची विनंती आहे, काही राहून गेलं असेल तर पाहुण्यांनी मागच्या बाजूला लिहावं.

मागची बाजू मला पुरली नाही, म्हणून ही जादा पानं जोडतो आहे. आधी छापलेलं वाचा, मग माझं.

घर. *दोन खोल्या, व्हरांडा, लाकडाची शेगडी. कुटुंबासाठी उत्तम.*

आम्ही कुटुंब होतो, पण अर्धवट. घर बायकोनं चार दिवसांसाठी भाड्यानं घेतलं होतं, तिघांसाठी. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या ऑफिसात तपासणी लागली आणि तिनं मला आणि तिच्या आईला पुढे पाठवलं. जावई आणि सासू, एका छपराखाली, मध्ये कुणी नाही. बसमध्ये आम्ही दोघं खिडकीतून अशा काळजीनं बाहेर बघत होतो, जणू झाडं मोजायची नोकरी लागली आहे.

बायकोनं मला एकच काम सांगितलं होतं, आईला जेवती कर. सासूबाईंना मोठा ताप येऊन गेला होता. ताप गेला, तपासण्या स्वच्छ आल्या, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. ताटात भात चिवडायच्या आणि उठायच्या. विचारलं की म्हणायच्या, भूक नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. जन्मभर मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवलेली बाई. लग्न होऊन गेलेल्या मुली अजून फोन करून त्यांना डाळीचं प्रमाण विचारतात. त्या बाईचं ताट भरलेलं परत जातं, हे माझ्या बायकोला बघवत नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती की तापानं त्यांची चव नेली होती. गोड, आंबट, खारट, काहीच कळत नव्हतं. पण हे त्यांनी कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, कारण मला ते कळेपर्यंत मी बराच मूर्खपणा केला. एका रात्री तर त्यांना भूक लागावी म्हणून मी लिंबाचं सरबत केलं, साखर घालायला विसरलो, आणि त्या शांतपणे ते पिऊन मला म्हणाल्या, छान झालंय जावईबापू.

पाहण्यासारखे, एक. *तळे. निसर्गरम्य. बोटीची सोय.*

बोट आहे. ती पालथी आहे आणि तिच्याखाली एक मांजर आपल्या पिल्लांसह राहते. तळं मात्र खरंच बघण्यासारखं आहे. सासूबाई काठानं भराभरा चालल्या, मी मागे. मी विचारलं, दमलात का? म्हणाल्या, दमायला पोटात काहीतरी लागतं.

पाहण्यासारखे, दोन. *पाणचक्की. जुनी. सध्या बंद.*

या ओळीवर विसंबून तुम्ही पाणचक्की टाळाल. टाळू नका. सासूबाई जात्याच्या दगडाजवळ गुडघे टेकून बसल्या आणि त्याच्या खाचांतून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, दगडाला खाचा पाडणारी टाकी कुणीतरी मन लावून मारली आहे. मग मेसमधल्या ग्राइंडरची गोष्ट सांगितली. त्याचा आवाज बदलला की त्यांना भाजी चिरता चिरता कळायचं, पीठ झालं. इतकं सलग बोलल्या त्या पहिल्यांदाच. मी श्वास रोखून ऐकलं, पाखरू उडून जाईल म्हणून रोखतात तसा.

दुकाने. *किराणा (सर्व वस्तू). पाव (ताजा).*

किराणा दुकानात सर्व वस्तू नाहीत. दोरी, साबण, बटाटे आणि गप्पा आहेत. गप्पा फुकट.

पाववाला खिडकीतून विकतो. सकाळी त्या खिडकीसमोर उभं राहिलं की वासानंच माणूस अर्धा जेवतो. मी डोळे मिटले. सासूबाईंनी मिटले नाहीत. त्यांनी पाव हातात घेतला, उलटा केला, बोटाच्या पेरानं त्याच्या बुडाशी टकटक केली आणि कान लावला. पाववाला कणकेचे हात कमरेवर ठेवून बघत राहिला.

"कोण आहे का घरात?" त्यानं विचारलं.

"भट्टीत अजून जरा राहायला हवा होता," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं पाव परत घेतला आणि दुसरा दिला. घरी येऊन त्यांनी त्यातले दोन घास खाल्ले आणि बाकीचा माझ्याकडे सरकवला.

जेवण. *खानावळ. घरगुती. दुपारी.*

इथे छापलेल्यात सगळ्यात मोठी चूक आहे. चूक म्हणजे, महत्त्वाचं तेच लिहिलेलं नाही.

खानावळ एका बाईंची आहे. दिसायला उंच, बोलायला आखूड. त्या रोज एक मोठं पातेलं सूप करतात, बहुतेक मसुराचं, आणि सोबत पाव. पण आपण केलेलं त्या स्वतः कधी चाखत नाहीत. त्यांची आई म्हणायची, ज्यानं केलं त्याची जीभ लाडावलेली असते. म्हणून सूप बिनमिठाचं शिजतं आणि दारातून जे पहिलं गिऱ्हाईक येईल त्याच्या हातात लाकडी चमचा दिला जातो. मीठ किती ते त्यानं सांगायचं. त्याचा शब्द त्या दिवसापुरता अखेरचा. टेबलांवर मीठ ठेवत नाहीत, आणि कुणी कुरकुर करत नाही, कारण उद्या चमचा आपल्याही हातात येऊ शकतो.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मला वेळेच्या आधी पोहोचायची खोड आहे, त्यामुळे पहिले आम्हीच. बाईंनी रिवाज दोन वाक्यांत सांगितला, सूपात अजून मीठच पडलेलं नाही हे सोडून, आणि वयाचा मान म्हणून चमचा सासूबाईंपुढे धरला.

सासूबाईंनी चमच्याकडे बघितलं. फुंकर मारली. सूप तोंडात घेतलं, जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर आहे."

बाईंचा मिठाच्या बरणीकडे गेलेला हात हवेत राहिला. मग त्यांनी तो पदराला पुसला आणि बरणी फळीवर परत ठेवली.

टपालवाला आला, रस्त्यावर काम करणारे आले, पाववाला आला. सगळ्यांना वाढलं गेलं. मी पहिला घोट घेतला आणि मला कळलं की सूपात मीठ कमी नाही, मीठच नाही. पाववाल्यालाही कळलं. तो म्हणाला, आज काय दवाखाना उघडलाय का? दोघे-चौघे हसले. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं मान वळवून आमच्या टेबलाकडे बघितलं, सासूबाईंना ओळखलं, आणि वाटी पुढे करून म्हणाला, अजून वाढा.

भरल्या खोलीनं ते अळणी सूप वाटीचा तळ दिसेपर्यंत खाल्लं. एका परक्या बाईचा शब्द पडू नये म्हणून.

पण सासूबाईंपासून हे लपणार कसं? परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, मीठ कमी होतं का? मी म्हणालो, ठीक होतं.

"जावईबापू, जन्मभर मी जेवणाऱ्यांची तोंडं बघितली आहेत. अळणी गिळणारं तोंड मला लांबून कळतं." मग चार पावलं गेल्यावर, "चव गेली आहे माझी. तापापासून. माती खाल्ली काय आणि भात खाल्ला काय."

मी विचारलं, सांगितलं का नाही? त्यावर त्या म्हणाल्या, काय सांगू? लोक मला ओळखतात ते हाताच्या चवीवरून. तीच बाई अळणी सूपाला बरोबर म्हणते, हे कुठल्या तोंडानं सांगू? मुलीला यातलं काही कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं आणि घरी येऊन बॅग भरायला घेतली. उद्याच्या बसनं परत. खानावळीत पुन्हा तोंड दाखवायचं नाही.

संध्याकाळभर मी व्हरांड्यात बसून बायकोला काय सांगायचं याचा विचार करत होतो. तिनं एकच काम सांगितलं होतं.

जेवण, पुढे चालू. *(हे छापलेलं नाही.)*

सकाळी सासूबाई बॅग घेऊन बाहेर आल्या आणि बसची वेळ व्हायच्या कितीतरी आधीच खानावळीच्या वाटेला लागल्या. माफी मागितल्याशिवाय जाणार नाही, म्हणाल्या. कुणाच्या पातेल्याशी खोटं बोलून मी कधी निघालेली नाही.

मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो. बाई पातेलं ढवळत होत्या. सासूबाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ताप, चव, कालचं खोटं.

"कळलं होतं मला," बाई म्हणाल्या.

"मग टाकायचं होतं मीठ."

"पहिल्या गिऱ्हाइकाचा शब्द मी मोडत नाही. आणि एक दिवस अळणी खाल्लं तर गाव ओस पडत नाही." त्यांनी खुंटीवरचा चमचा काढला. "आज अजून कुणी आलेलं नाही. पहिल्या तुम्हीच."

"थट्टा नको आता."

"थट्टा कसली? चव नाही तर नाही. बाकी सगळं गेलंय का?"

सासूबाईंनी बॅग खाली ठेवली. पातेल्यावर वाकून उकळीचा आवाज ऐकला. आच कमी करायला सांगितलं. मसुराचा एक दाणा चमच्यानं उचलून बोटांत चुरडला. पातेलं कुठवर भरलंय ते बघितलं, मिठाच्या बरणीत हात घातला, तळहातावर मीठ घेऊन त्याचं वजन करावं तसा हात हलवला, थोडं परत टाकलं आणि उरलेलं सूपात सोडलं. ढवळलं. चमचा माझ्यापुढे आला.

"चाखा."

मी चाखलं. म्हणालो, किंचित कमी वाटतंय.

"किंचित म्हणजे? जावयासारखं बोलू नका, धड सांगा."

"चिमूटभर."

त्यांनी चिमूट टाकली, मी पुन्हा चाखलं. "आता झालं," मी म्हणालो, आणि हे मी सासूबाईंना खूश करायला म्हणालो नव्हतो. त्यांनाही ते माझ्या तोंडावरून कळलं. तोंडं त्यांना वाचता येतात.

लोक यायला लागले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून एकेकाचा पहिला घास बघत होत्या. पाववाल्यानं आधी चमच्याचं टोक बुडवलं, भीत भीत. मग पूर्ण चमचा. मग वर न बघता वाटी संपवली आणि पावाच्या तुकड्यानं पुसून काढली. सासूबाईंचे खांदे खाली आले.

"आता तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "मी वाढते."

त्या माझ्यासमोर बसल्या. पहिला घास घेतला. मी विचारायला नको होतं, पण विचारलंच, कसं लागतंय?

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "गरम आहे. दाट आहे. पावाची कड मोडताना आवाज करते. एवढं कळतं." आणि दुसरा घास घेतला.

वाटी संपली. बाईंनी न विचारता पुन्हा भरली. तीही संपली. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण मला आतलं नीट दिसत नव्हतं.

दोन दिवसांनी बायको आली, तेव्हा सासूबाईंनी तिला स्वतःच सगळं सांगितलं, बटाटे सोलता सोलता. बायको रडली, मग भांडली, मग जेवायला बसली. चव अजून आलेली नाही. येईल की नाही, सांगता येत नाही. पण ताट रिकामं होतं.

तेव्हा पुढच्या पाहुण्यांनो, खानावळीत जा. लवकर जा. चमचा हातात आला तर जे आहे ते सांगा, आणि नाही सांगता आलं तरी घाबरू नका. त्या खोलीत तुम्हाला सांभाळून घेतील. आम्हाला घेतलं. त्या लोकांचं मीठ मी खाल्लं आहे, आणि एक दिवस नाही खाल्लं, त्याचे उपकार जास्त.

परतीची सोय. *बस. खानावळीच्या कोपऱ्यावरून, रोज दुपारी.*

ही बस आम्ही दुसऱ्या वाटीच्या वेळी चुकवली. खिडकीतून ती जाताना दिसली. सासूबाईंनीही बघितली आणि पाव मागितला.