लाल पट्टीची बरणी

बावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत लॅकलन पेट्रीनं मधाचे हजारभर नमुने गोळा केले होते. चाखला एकही नव्हता. तुतूच्या झुडपाचं विष मधात उतरलं की खाणारा काही तासांत आडवा होतो, हे ज्याला ठाऊक असतं तो सहसा जिभेला आवर घालतो.

ओपोतिकी गावाच्या पुढे, समुद्राकाठच्या एका घरी तो सकाळी दहाला पोचला. तिथं मधमाश्या पाळणाऱ्या तरुण रोइमाताचा मध पहिल्यांदाच परदेशी चालला होता. तेरा पिंपं बंदरात सीलबंद पडून होती, जहाज शुक्रवारी सुटणार होतं. मागे ठेवलेली नमुन्याची एकुलती एक बरणी आज प्रयोगशाळेकडे रवाना झाली नाही, तर पिंपं परत येणार आणि पोरीची तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार.

रोइमाता मधपेट्यांकडे गेली होती. घरात तिची आत्या हुइया होती, आणि दारी आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय कामाचं बोलू द्यायची तिच्याकडे रीत नव्हती.

"आधी बस, बाळा. कागद कुठं पळून जात नाहीत."

अठ्ठावन्न वर्षांचा बाळ बसला. घरच्या पावाचे तीन जाड काप, त्यावर लोणी, त्यावर मध. भूक लागली होती. त्यानं तिन्ही संपवले. हुइयानंही दोन खाल्ले.

"मध झकास आहे," तो म्हणाला.

"असणारच. वरच्या फळीवरचा. पोरीनं लाल पट्टी लावून जपला होता. म्हटलं, पाहुणा आलाय, आता नाही काढायचा तर कधी?"

लॅकलननं चहाचा कप खाली ठेवला. ती लाल पट्टी गेल्या महिन्यात त्यानं स्वतःच्या हातानं चिकटवली होती.

तेवढ्यात रोइमाता आत आली आणि बरणी पाहून जागीच थांबली. "आत्या! तो सरकारी नमुना होता!"

"मग सरकारलाच वाढला ना? रस्त्यावरच्याला थोडाच दिला?"

रोइमाता खुर्चीत बसली आणि रडू लागली. लॅकलनला फार वाईट वाटलं. त्यानं गाडीतून वजनकाटा आणला. मध शंभर ग्रॅम लागायचा; एकशे बारा उरला होता. मग त्यानं फॉर्म काढला. 'अधिकारी पोचला तेव्हा सील शाबूत होतं का?' होतं. त्यानं खूण केली. शेऱ्याच्या जागेवर मात्र पेन थबकलं.

"आणि मधात विष असलं तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर तुला गाडी चालवता यायची नाही," हुइया म्हणाली. "चारपर्यंत इथंच थांब. खाल्लंय मीही. पडलो तर दोघं पडू."

तो थांबला. दुपारी तिनं मासे खाऊ घातले. चार वाजता त्यानं लिहिलं: 'अधिकारी पोचल्यावर नमुन्यातील काही भाग अधिकाऱ्यास खाऊ घालण्यात आला. सहा तासांनंतर अधिकारी ठीक.' साडेचारच्या कुरिअरनं बरणी गेली.

प्रयोगशाळेचा अहवाल आला: मध निर्दोष. जहाज शुक्रवारी सुटलं.

तीन महिन्यांनी मध घेणाऱ्या देशाच्या सरकारचं पत्र आलं. कागदपत्रांबद्दल समाधान होतं. विशेषतः शेऱ्यातली तपासणी त्यांना फार भरवशाची वाटली होती. ती यापुढे प्रत्येक खेपेला सक्तीची. फॉर्मवर तिच्यासाठी चौदावा रकाना छापून आला.

पुढच्या हंगामात लॅकलन दहाला पोचला तेव्हा फळीवर लाल पट्टीच्या दोन बरण्या होत्या.

"एक प्रयोगशाळेची," रोइमाता म्हणाली.

"आणि एक तुझी," हुइयानं पाव कापला. "बस, बाळा."

लॅकलननं घड्याळ पाहिलं, चौदाव्या रकान्यात वेळ लिहिली आणि पहिला घास घेतला.