डीकन होलिसची अर्धी दाढी

मित्रांनो, मी एक जुनी सलूनची खुर्ची आहे. शिकागोच्या एका कारखान्यात लोखंड ओतून मला घडवलं, वर लाल कातडं चढवलं आणि अटलांटाच्या दक्षिणेला, कृष्णवर्णीयांच्या एका वस्तीत, बायका-पुरुष दोघांचेही केस कापणाऱ्या ओडेसाबाईंच्या दुकानात आणून बसवलं. लग्न ठरलेल्या मुली माझ्यावर बसल्या, मयताला निघालेली माणसंही बसली. ओडेसाच्या खुर्चीत बसलं की निम्मं दुखणं जातं, असं लोक म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

ओडेसाबाईंची भाची डेल्फीन आईमागे त्यांच्याकडेच वाढली. चर्चच्या गायकवृंदात ती गायची. वृंदाचा प्रमुख होता डीकन रूफस होलिस. डीकन म्हणजे चर्चमधला मानाचा कारभारी. त्याचा शब्द वस्तीत कुणी खाली पडू देत नसे. डेल्फीन तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. एका संध्याकाळी तालीम संपल्यावर, घरी सोडतो म्हणून त्यानं तिला गाडीत घेतलं आणि तिच्यावर बळजबरी केली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी माझ्यावर बसून तिनं मावशीला सारं सांगितलं. ओडेसाबाई दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "हे कुणापाशी बोलू नकोस. पोलीस आपल्या पोरांना खोट्यानाट्या गुन्ह्यांत अडकवतात. आपणच आपला माणूस त्यांच्या हाती द्यायचा का?"

"मग मी कुणाची आहे, मावशी?" डेल्फीननं विचारलं.

ओडेसाबाई झाडू घेऊन जमीन झाडत राहिल्या. त्याच आठवड्यात डेल्फीन बाल्टिमोरला निघून गेली.

आणि होलिस? तो दर शनिवारी दाढीला येत राहिला. मित्रांनो, खुर्चीला कुणालाही नाही म्हणता येत नाही. तो बसला की माझा मागे कलवायचा दांडा निसटावा आणि हा डोक्यावर आपटावा, एवढंच मी मागत असे. माझं कातडं फाटलं, आतला कापूस बाहेर आला. ओडेसाबाईंचं कशातच लक्ष उरलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी वयामुळे त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा दुकान चालवायला डेल्फीन परत आली. बाल्टिमोरला ती केस कापायला शिकली होती. तिच्यासारखंच सोसलेल्या बायकांच्या एका गटात बसून बोलायलाही शिकली होती.

एका शनिवारी सकाळी होलिस आला. दुपारी चर्चमध्ये त्याचा सत्कार होता. "चांगली गुळगुळीत कर, पोरी. आज फोटो निघायचेत," असं म्हणत तो माझ्यावर रेलला. डेल्फीननं फेस लावला, मला मागे कलतं केलं आणि वस्तरा चालवायला घेतला. एक गाल साफ झाला.

"डीकन, तुम्हाला ती संध्याकाळ आठवते?"

"कुठली?"

"रूफस, तू मला गाडीत घेतलंस ती."

दुकानातल्या बायकांनी केस वाळवण्याची यंत्रं बंद केली. तिनं सगळं सांगितलं. गाडी कुठे उभी केली, तो काय म्हणाला, ती किती वेळा नको म्हणाली. आवाज चढवला नाही. वस्तरा त्याच्या गळ्यापाशीच होता. चालव, मी मनात म्हणत होते. पण तिनं तो पुसून मिटला आणि बाजूला ठेवला.

"ओडेसा, भाचीला आवर," होलिस म्हणाला.

ओडेसाबाई काठी टेकत उठल्या. "ती खरं बोलतेय. मला तेव्हापासून माहीत आहे."

केसांत रोलर लावून बसलेली वॉनेटा नावाची गिऱ्हाईक बाई म्हणाली, "माझ्याशीही तो असाच वागला. मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही."

डेल्फीननं त्याच्या गळ्यातलं कापड सोडलं. "ऊठ. उरलेली दुसरीकडे कर."

एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस, असा तो भर रस्त्यातून गेला. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. बायका अर्धवट केसांनिशीच चर्चमध्ये गेल्या आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सारं सांगितलं. सत्कार झाला नाही.

पण वस्ती लगेच त्यांच्या बाजूची झाली नाही. कुणी घरभेदी म्हणालं, कुणी दुकानाची काच फोडली. तरीही डेल्फीन आणि वॉनेटानं पोलिसांत तक्रार केली, मग आणखी बायका पुढे आल्या. त्याला शिक्षा झाली. कोर्टातून आल्यावर डेल्फीन म्हणाली, "त्याला बेड्या घालताना मी डोळे मिटले नाहीत."

आता सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा त्या बायका इथे जमतात. कधी बोलतात, कधी नुसत्या बसतात. डेल्फीन अजून गात नाही. ती मावशीच्या डोक्याला तेल लावून देते. मावशीला माफ केलंय का, ते मात्र तिनं सांगितलेलं नाही.

मध्यंतरी एक पाद्री आले आणि डेल्फीनला म्हणाले, "होलिस म्हातारा झालाय. त्याला माफ कर, तुझ्याच मनाला शांती मिळेल."

"मला शांत झोप लागते," डेल्फीन म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

मित्रांनो, तुमच्यापाशी कुणी बाई असं काही सांगायला आली, तर त्याच क्षणी तिचं खरं माना आणि तिच्याबरोबर चालू लागा. आणि ज्यानं ते केलं, तो कितीही मानाचा असला, तरी त्याला बसायला खुर्ची देऊ नका.