गुरुजींनी बांधलेली गाठ

मी शिनाई बोलतेय. बांबूच्या चार पट्ट्या, एक दोरी आणि थोडंसं कातडं, एवढाच माझा संसार. केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, शिकणाऱ्यांच्या हातातली मी तलवार, पण बिनधारेची. माझा जन्म माणसांच्या डोक्यावर आपटण्यासाठी झाला आणि स्वभाव मात्र भित्रा मिळाला. हसू नका. आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ शकते हे ज्याला कळतं, तो घाबरणारच.

बांबूच्या बनातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो कोयता. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला उभं चिरलं, विस्तवावर धरून सरळ केलं, तासलं, आणि कोणती पट्टी कोणत्या पट्टीशी जुळते ते बघत बराच वेळ बसून राहिला. आम्ही चौघी जुळलो. तेव्हापासून आम्ही स्वतःला ‘मी’ म्हणायला लागलो.

तिथून मी उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावी आले. मासळी बाजाराच्या मागे हिरुकावा गुरुजींची तालीम आहे. गुरुजी ऐंशीच्या घरातले, कमी बोलणारे. शरद ऋतूतल्या एका दुपारी ते ओसरीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी मला बांधलं. टोकाला कातड्याची टोपी, मुठीला कातड्याची पिशवी, पाठीवरून ताणलेली दोरी, मधे एक पट्टा, आणि शेवटी मुठीपाशी गाठ. त्यांची बोटं तेव्हाच थोडी थरथरत होती. गाठ पुरी करायला त्यांना फार वेळ लागला, पण अशी देखणी गाठ मी पुन्हा पाहिली नाही.

“घ्या,” एवढंच म्हणून त्यांनी मला मिनेकोच्या हातात दिलं.

मिनेको बंदराजवळच्या लाँड्रीत इस्त्री करते. नवरा गेला तशी ती गप्प झाली होती, आणि कुणाच्या तरी आग्रहानं पन्नाशीच्या उंबरठ्यावर तालमीत आली. केंदोत वार करताना छातीच्या तळापासून ओरडावं लागतं. आवाज नसेल तर वार धरतच नाहीत. आणि हिच्या तोंडून तर आवाजच फुटेना. दुसरे गुरुजी असते तर म्हणाले असते, बाई, तुम्ही घरी बसा. हिरुकावा गुरुजींनी तिला महिनोन्‌महिने नुसतं पाय घासत पुढंमागं चालायला लावलं आणि रोज शेवटी तिच्यासमोर उभे राहून वाट पाहिली. एक दिवस ती ओरडली, आणि मग रडली. गुरुजींनी मान लववली आणि म्हणाले, “उद्या याच वेळी.” हे सगळं माझ्या आधीचं. तालमीतल्या जुन्या शिनाया सांगतात.

तेव्हा गुरुजींनी स्वतः बांधलेली शिनाई हातात आल्यावर तिचं काय झालं असेल ते ओळखा. बाकीच्यांच्या शिनाया तालमीच्या थंडगार, ओलसर पडवीत उभ्या असायच्या. मिनेको मला रेशमी कापडात गुंडाळून घरी न्यायची आणि सगळ्यात उबदार खोलीत, रॉकेलच्या शेगडीजवळ ठेवायची. तिला वाटायचं मला थंडी वाजेल. मी सुकत होते हो! बांबूला ऊब सोसत नाही. महिन्याकाठी शिनाई पूर्ण सोडायची, पट्ट्या सुट्या करायच्या, आतून तेल लावायचं, कुठे कुसळ निघालं असेल तर खरवडायचं, मग पुन्हा बांधायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. रोज तालमीआधीही सगळे ओळीनं बसून आपापली शिनाई उजेडात फिरवून बघतात. कारण बांबू फुटला की त्याची सुई होते, आणि मुखवट्याच्या लोखंडी सळ्यांमधून सुई आत जाते. आत माणसाचा डोळा असतो.

मिनेको मला बाहेरून पुसायची. उजेडात धरायची, बोट फिरवायची. पण सोडायची मात्र नाही. कारण त्या शरद ऋतूनंतर गुरुजींचे हात फारच कापायला लागले. गाठ मारणं राहिलं बाजूला, त्यांना पेलासुद्धा नीट धरवेना. त्यांनी बांधलेली मी शेवटची शिनाई ठरले. तालमीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे आपल्याला काहीच दिसत नाही असं वागत होते. टोफू विकणारा उझावा चहा ओतताना गुरुजींचा पेला मुद्दाम अर्धाच भरायचा आणि म्हणायचा, “गुरुजी, चहा संपत आलाय, आज एवढ्यावरच भागवा!” किटली भरलेली असायची.

पहिली चीर पडली ती मला आतल्या अंगाला जाणवली. एका पट्टीच्या पेरापासून निघून ती टोकाकडे सरकत होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हाला आवाज फक्त आपटल्यावर असतो.

जानेवारीत कडाक्याच्या थंडीत तालमीचे खास दिवस असतात. पहाटे, अंधारात, अनवाणी. लाकडी जमीन इतकी गार की पाय आहेत की नाहीत ते कळत नाही. कुणी एक दिवस चुकवत नाही. ताप असला तरी येऊन भिंतीशी बसतात. मला त्यांचा हा हट्ट आधी आवडायचा. यंदा त्याचीच धडकी भरली होती, कारण रोज पहाटे मी न चुकता वापरली जाणार होते आणि रोज माझी चीर थोडी लांबणार होती.

उझावाच्या कानांनी ते पकडलं. त्याच्याशी सराव करताना मी त्याच्या मुखवट्यावर आदळले आणि तो थांबला.

“मिनेको-सान, तुमच्या शिनाईला सर्दी झालीय का? घसा बसल्यासारखी वाजतेय.”

“तुमच्या कानात टोफूचं पाणी गेलं असेल,” मिनेको म्हणाली.

“मस्करी नाही करत. सोडून बघा एकदा.”

“बघितलीय मी.”

“बाहेरून. मी सोडून म्हणतोय.”

मिनेकोनं आवाज खाली आणला. “गुरुजींची गाठ आहे ती. मी सोडली तर पुन्हा ते बांधू शकतील का? आणि मी बांधलेली त्यांना दिसली, तर त्यांना काय वाटेल? म्हणतील, हिनं माझी आठवण मोडून टाकली.”

उझावानं इथं हट्ट धरायला हवा होता. पण तोही रोज अर्धा पेलाच भरत होता. त्यानं नुसती मान हलवली आणि पुढच्या जोडीदाराकडे गेला.

त्या दिवशी घरी गेल्यावर मिनेकोनं मला मांडीवर घेतलं. गाठीवर अंगठा ठेवला. मी मनात म्हटलं, सोड. सोड गं बाई. तिनं दोरीचं टोक चिमटीत धरलंसुद्धा. मग तिनं मला कपाळाला लावलं आणि पुन्हा शेगडीजवळ ठेवून दिलं. तिला माझ्याबद्दल एवढा आदर नसता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

खास तालमीच्या शेवटच्या पहाटे गुरुजी स्वतः मैदानात उतरतात आणि एकेकाला समोर घेतात. ही त्यांची जुनी पद्धत. हात कापत असले तरी शिनाई धरली की ते अजूनही भिंतीसारखे उभे राहतात. त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं की समोरच्याचं अर्धं बळ गळतं. मुखवट्याच्या सळ्यांमधून ते डोळे मला दिसत होते. एरवी मला त्यांची जरब वाटायची. त्या पहाटे मला त्यांची काळजी वाटत होती. माझी चीर आता टोकाच्या कातड्याखालपर्यंत पोचली होती.

मिनेकोचा नंबर आला. दोघं वाकले, समोरासमोर उकिडवे बसले, उठले. मिनेकोचा श्वास माझ्या मुठीपर्यंत ऐकू येत होता. तिचं मन अगदी स्वच्छ होतं. एकच विचार, सरळ जायचं. इतक्या वर्षांत तिला गुरुजींनी तेच शिकवलं होतं. वार केल्यावर थांबायचं नाही. कचरायचं नाही. समोरच्याच्या अंगावरून, त्याला ओलांडून, पुढे निघून जायचं. आणि काहीही झालं तरी शिनाई हातातून सोडायची नाही. हातातून शिनाई पडण्याइतकी मोठी नामुष्की तालमीत दुसरी नाही.

“मेऽऽन!” डोक्यावरच्या वाराचं नाव घेत ती ओरडली. तालमीच्या काचा वाजल्या.

मी गुरुजींच्या मुखवट्यावर उतरले आणि फुटले.

फुटणं काय असतं ते सांगता येत नाही. एक पट्टी उभी चिरत गेली, टोकाची टोपी निसटली आणि माझाच एक तुकडा, हाताएवढा लांब आणि टाचणीसारखा टोकदार, दोन सळ्यांच्या मधून आत गेला. आत काहीतरी मऊ लागलं. मी अडकले. माझी मूठ अजून मिनेकोच्या हातात होती आणि मिनेको पुढे निघाली होती. आता ती गुरुजींना ओलांडून जाणार, माझी मूठ ओढली जाणार, आणि आत गेलेलं टोक फिरणार. मी बांबू आहे, मला काळीज नाही. तरीही त्या क्षणी जे थांबलं ते काळीजच असावं.

तिचे पाय तर थांबणार नव्हते. ते ऐकण्यातले राहिले नव्हते, इतका सराव त्यांना झाला होता. पण तिच्या तळहातांना माझं फुटणं जाणवलं. आणि मिनेकोनं दोन्ही हात उघडले.

तिनं मला सोडलं. सगळ्यांच्या देखत, गुरुजींच्या समोर. ती रिकाम्या हातांनी त्यांच्या बाजूनं निघून गेली आणि मी त्यांच्या मुखवट्यात लोंबकळत राहिले.

“हलू नका!” उझावा ओरडला. “गुरुजी, पापणीसुद्धा हलवू नका!”

गुरुजी हलले नाहीत. त्यांचे हात नेहमीसारखे कापत होते, पण मान दगडासारखी स्थिर होती. उझावानं मला दोन्ही हातांनी तोललं आणि सरळ रेषेत, अगदी हळू, मागे घेतलं. टोकावर रक्त होतं. मुखवटा काढला तेव्हा डाव्या पापणीखालून ते गालावर ओघळत होतं. मिनेको गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या तोंडून पुन्हा आवाज निघेनासा झाला होता.

गुरुजींनी उजवा डोळा झाकला. डाव्यानं तालमीभर बघितलं. मग म्हणाले, “उझावा, दाढी करत जा. इथून दिसतेय.”

कुणी हसलं नाही. उझावा मात्र तिथंच खाली बसला आणि बाहीनं डोळे पुसायला लागला.

पापणीवर कापूस दाबून धरत गुरुजी बसले आणि त्यांनी मला मागून घेतलं. मला मांडीवर ठेवून ते स्वतःचीच गाठ सोडायला लागले. सगळ्यांनी सवयीनं नजरा दुसरीकडे वळवल्या.

“इकडे बघा,” गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी सगळ्यांनी बघितलं. त्यांचं बोट दोरीवरून घसरत होतं. पुन्हा घसरलं. पुन्हा. बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी हात बाजूला घेतला.

“मला जमत नाही. मिनेको-सान, तुम्ही सोडा.”

“गुरुजी, ही तुमची...”

“माझी गाठ आहे, माहीत आहे मला. सोडता यावी म्हणूनच मारली होती. नाहीतर खिळेच ठोकले नसते का?”

मिनेकोनं गाठ सोडली. तिला वेळच लागला नाही, इतकी ती नीट बांधलेली होती. चार पट्ट्या जमिनीवर पसरल्या. आतून आम्ही पांढऱ्या पडलो होतो, थेंबभर तेल कुठे नव्हतं. एक पट्टी टोकापासून अर्ध्यापर्यंत चिरलेली. गुरुजींनी ती बोटानं चाचपली आणि सगळ्यांसमोर मिनेकोपुढे डोकं जमिनीला टेकवलं.

“चूक माझी आहे. हात गेले हे मी लपवलं, म्हणून तुम्हाला ही जपावी लागली. तुम्ही हिला सोडलंत म्हणून माझा डोळा राहिला.”

मिनेकोनं त्यांच्याहून खाली वाकायचा प्रयत्न केला, पण त्याहून खाली जागाच नव्हती.

फुटलेली पट्टी जाळात गेली. माझी चौथाई गेली म्हणायची. दुसऱ्या एका मोडक्या शिनाईतली धड पट्टी माझ्यात आली. ती अजून परकीच वागते, वाजते जरा वेगळी. मिनेकोनं मला तेल पाजलं आणि स्वतः बांधलं. गाठ बेढब आहे. उझावा म्हणतो, ही गाठ आहे की मुळ्याचं लोणचं. आता मी पडवीत, इतरांबरोबर थंडीत उभी असते. गुरुजींच्या पेल्यात चहा काठोकाठ येतो, सांडतो, आणि ते सरळ फडकं मागून घेतात.

आज पुन्हा गुरुजी समोर बसलेत. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, म्हणजे गुरुजींनी ती मिळवली आहे. मुखवट्याच्या दोऱ्या त्यांनी उझावाकडून बांधून घेतल्या. डाव्या पापणीवरची खूण सळ्यांमागे दिसते. मिनेकोनं आज मला तालमीआधी दोनदा उजेडात फिरवलं, एकदा सोडून बघितलं, तरी तिचं समाधान होत नाहीये.

मला हातात घेणाऱ्यांनो, तुम्ही कुणीही असा, मला पुजू नका. मला घाबरा. रोज सोडून बघा. मी चांगली आहे असं कालच्या भरवशावर समजू नका, कारण ते मलाही ठाऊक नसतं.

दोघं उठून उभे राहिले आहेत. मी नखशिखांत घाबरलेय. आणि मिनेकोचे तळहात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, घामानं ओले झालेत. बरं वाटलं मला.