नाथाच्या हातचा बांध

नाथा सकाळपासून स्वतःचाच बांध फोडत होता आणि बांध काही फुटत नव्हता. फुटेल कसा? चिकण मातीत पेंढा कालवून, टाचेने तुडवून, एक थर सुकला की दुसरा चढवून त्याने तो घातला होता. कोलशेतच्या खाडीवर, मिठागरात जन्म काढलेला माणूस. नाथाच्या हातचा बांध उधाणालाही दाद देत नाही, असं गाव म्हणे, आणि ते ऐकायला नाथाला आवडे.

तिथेच घात झाला. दिवाळीनंतर लेक, कमलेश, म्हणाला, खाडीकाठच्या खाजणात पुन्हा भात लावू, उघाडी तेवढी बुजवून द्या, हे काम आता दुसऱ्या कुणाला जमत नाही. उघाडी म्हणजे बांधातलं तोंड, भरतीचं पाणी तिथूनच आत येतं. लेकाने हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि बाप चढला. आत तिवरांचं, खारफुटीचं रान उभं आहे, त्याचं काय, एवढंही विचारलं नाही. सत्तरी उलटली तरी अक्कल यायची राहते ती अशी.

फाल्गुनात तिवरं पिवळी पडली. चिखल तडकला, त्यावर उड्या मारणाऱ्या निवट्या दिसेनाशा झाल्या, बगळे उठून गेले. नाथा दिवसातून चारदा बांधावर जाई आणि तसाच परत येई. घरात बसवत नसे, घास गोड लागत नसे. परवा बिल्डरचा माणूस आला. त्यांच्याच अंगणात चहा पिता पिता कमलेशला म्हणाला, "तिवरं तोडली तर केस होते. आपोआप वाळली तर कोण काय बोलणार? अजून दोन महिने थांबू."

नाथाने ते आतून ऐकलं. भाताचं नाव नुसतं दाखवायला होतं. बायको, आवडाबाई, चुलीपुढून एवढंच म्हणाली, "पुराच्या साली खारीचं पानी घरात घुसत व्हतं, ते या तिवरांनी धरलं. तुमीच त्यांचा गला आवलला."

आज पुनव. उधाण दुपारी बाराला, हे सांगायला नाथाला पंचांग लागत नाही. अकरा वाजून गेले, तळहात सोलले, तरी माती हलेना. आवडाबाई न सांगता पहार घेऊन आली. दोघांनी मिळून रेटा दिला, एक ढेकूळ निसटलं, आणि पुढचं काम पाण्यानेच केलं. गढूळ, फेसाळ पाणी तिवरांच्या मुळांत शिरलं. म्हातारा चिखलात बसून लहान पोरासारखा रडला.

कमलेश धावत आला. हे शेजारच्या पाड्यातल्या मासेमारांचंच काम, आत्ता तक्रार देतो म्हणाला.

"लोकांची नावं घेव नको," नाथा म्हणाला. "मीच फोरला. माज्या हातचा बांध दुसऱ्या कोनाला फुटल कं?"

मग उद्या जेसीबी आणून बुजवतो, असं कमलेशने बजावलं.

"बुजव. नुसती माती टाकशील, ती उधान धुवून नेल. थर घालायला कोन हाय तुज्याकरं?"

हे काम दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं कमलेशनेच तर बापाला सांगितलं होतं.