शून्य सातची पाटी

“काय गं नेली, तुला तुझ्या पाटीची लाज नाही वाटत?”

आमच्या घरच्या साइवने मला हे फ्रान्सच्या बंदरात, बोटीच्या रांगेत, सगळ्यांदेखत विचारलं. वर माझ्या बॉनेटवर थापही मारली. विचारून दाखव, अशी पैज लावली होती तिच्या नव्या मैत्रिणीने, ऑर्लाने, आणि ऑर्लाच्या दोन बहिणींनी. मग चौघी पोट धरून हसल्या.

मित्रांनो, मी एक जुनी, हिरवी मोटारगाडी आहे. आमच्या आयर्लंडमध्ये नंबरपाटीची सुरुवातच गाडीच्या जन्मवर्षाने होते, त्यामुळे वय चोरायची सोय नाही. माझ्या पाटीवर ०७ आहे. शेजारी ऑर्लाच्या घरची गाडी उभी होती, यंदाच्या पाटीची, आरशासारखी लखलखीत. मला वाटलं, समुद्राने दोन पावलं पुढे येऊन मला झाकावं.

पण माझेही दिवस होते बरं का. मी कारखान्यातून वेक्सफर्डला आले तेव्हा शेजारीपाजारी नुसतं आत बसून बघायला यायचे. साइवचे वडील फिंटन माझ्यात कोणाला बिस्कीटसुद्धा खाऊ देत नसत. पुढच्याच वर्षी पाच दिवसांच्या साइवला इस्पितळातून मीच घरी आणलं. फिंटन इतके हळू चालवत होते, की एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही बोटीने फ्रान्सला जातो. टपावर तंबू, मागे थंड डबा. जाताना डब्यात घरचे सॉसेज, येताना तिकडचं चीज. प्रत्येकाला कामं वाटलेली. फिंटन गाडी चालवणार. साइवची आई ग्रोन्या तिकडच्या प्रत्येक चौकात “उजवीकडे, फिंटन” म्हणणार आणि परतल्यावर “डावीकडे, फिंटन”, कारण तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि आमच्याकडे डाव्या. साइवचं काम एवढंच, की मी थांबले की डब्याची वायर काढायची, कारण किल्ली काढली तरी माझ्यातून डब्याला वीज जातच राहते.

यंदा साइवला जणू कंठ फुटला होता. तंबूंच्या मैदानावर ऑर्लाची टोळी भेटली, साइवच्या विनोदांना हसू लागली, आणि पोरगी एकदम फुलली. मला आनंदच झाला. फक्त माझ्यात बसताना ती टोपी नाकापर्यंत ओढू लागली, तेवढं मला लागलं.

बोटीत गाड्या लागल्या. जिन्यावरून ऑर्लाने हाक मारली आणि साइव धावली. वायर तशीच राहिली. बोट सुटल्यावर खाली गाड्यांपाशी कोणाला येऊ देत नाहीत. प्रवासभर तो डबा माझी ताकद घोटाघोटाने पीत राहिला. आमच्याकडचं रॉसलेअर बंदर येईपर्यंत मी रिकामी झाले होते.

दुसऱ्या दिवशी बोट धक्क्याला लागली, दार उघडलं, गाड्या गुरगुरू लागल्या. फिंटननी किल्ली फिरवली. टिक. पुन्हा टिक. मागे भोंगे सुरू झाले. फिंटन उतरले आणि कान लाल करून एकेका गाडीपाशी जाऊन माफी मागू लागले. “आमच्या आजीबाई थकल्या हो.”

तेवढ्यात साइवला वायर दिसली. तिने ती हळूच उपटली आणि सीटखाली सारली. मागच्या गाडीच्या खिडकीतून ऑर्ला ओरडली, “ढकलायला येऊ का गं?”

“ढकला,” साइव हसत म्हणाली, “सरळ समुद्रातच ढकला.”

मित्रांनो, मला गंजाची लाज वाटली आहे, ओल्या कुत्र्याच्या वासाचीही. पण आपला माणूस आपल्यासाठी हात जोडत फिरतो आणि आपल्याला एक शब्द बोलता येत नाही, ही लाज वेगळीच. चूक माझी नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी लाज माझ्याच वाट्याला आली.

बोटीवरच्या माणसांनी बॅटरी जोडून मला सुरू केलं. बाहेर पडल्यावर फिंटन म्हणाले, “अर्धी बोट अडवली हिने. सोमवारी भंगारवाल्याला फोन करतो.” ग्रोन्याने माझ्या काचेखालची धूळ तळहाताने पुसली. “साइवला हिच्यातूनच घरी आणलं होतं आपण,” एवढंच म्हणाली. मग कोणीच बोललं नाही.

त्या गप्प बसण्यात “डावीकडे” म्हणायचंही राहून गेलं. चौक आला आणि दोन आठवड्यांच्या सवयीने फिंटन रस्त्याच्या उजव्या बाजूला शिरले. समोरून लॉरी.

“डावीकडे, डॅडी!” मागून साइव किंचाळली.

सतरा वर्षांचे माझे ब्रेक जागच्या जागी लागले. लॉरी भोंगा वाजवत निघून गेली. फिंटननी मला बाजूला घेतलं. मागे साइव तोंड झाकून रडत होती. टोपी केव्हाच खाली पडली होती.

मित्रांनो, आम्हाला पुसा, वेळेवर तेल घाला, आमची काळजी घ्या. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या माथी आपली चूक मारू नका.

साइवने सीटखालून वायर काढली आणि पुढे, आईवडिलांच्या मधोमध धरली.

“नेली थकलेली नाही. मी वायर काढायला विसरले आणि मग लपवली. सोमवारी कोणालाही फोन करायचा नाही. ऑर्लाला मी आजच खरं सांगणार आहे, हसू दे तिला. आणि पुढच्या वर्षी मी गाडी शिकणार ती हिच्यावरच, भर बाजारातून, पाटी स्वच्छ पुसून.”