दातिवऱ्यापर्यंतचे मुक्काम

चिंधूबाबांच्या होडीचं मशीन ओटीवर साखळीनं बांधलेलं होतं आणि कुलपाची किल्ली भावेशच्या खिशात होती. पोरानं बापावर अशी वेळ आणावी, हे चिंचणीत कुणी ऐकलं नव्हतं. पण पोराचंही चुकलं नव्हतं. डिसेंबरात बाबा एकटेच होडी घेऊन नवापूरच्या खाडीत शिरले, मागून ओहोटी लागली, आणि चाळीस वर्षं खोल समुद्रात बोट हाकणारा तांडेल सहा तास गाळात बगळ्यासारखा बसून राहिला. फोन घरी, उशीखाली. भावेश बोईसरच्या कारखान्यातून पाळी अर्धी टाकून धावत आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं मशीन बांधून टाकलं.

बाबांनी आठवडाभर तोंड फुगवून पाहिलं, मग गोड बोलून पाहिलं. शेवटी भावेश म्हणाला, "तीन दिवसांचा सगळा बेत कागदावर लिव. कुठं थांबनार, कवा निघनार, कवा पोचनार. रविवारी मी बघतो. एक जरी भोक सापडलं, तर मशीन मामाच्या होडीला जाईल."

तीन दिवस कशाला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी सोमी दातिवऱ्याहून नवरी होऊन आली ती होडीतून. पुढच्या होडीत वाजंत्री, मागच्या होडीत वऱ्हाड. त्या दिवशी चिंधूनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "वरसाच्या आत ह्याच वाटेनं तुला माहेरी नेतो." मग बोट, जाळी, पोरं. मासेमारीच्या बोटीत बायकांनी चढायचं नाही, हा तर जुना शिरस्ता. सोमी माहेरी जायची ती एसटीनं, दोनदा बदलून. तिनं त्या बोलण्याची आठवण कधी करून दिली नाही, आणि बाबांना तेच जास्त लागायचं. आता बोटीवरचं काम सोडल्यावर स्वतःची लहानशी होडी होती, माघातला शांत समुद्र होता, आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं, खाड्यांच्या आडोशानं दातिवरं काही लांब नव्हतं. फक्त किल्ली तेवढी हवी होती.

शनिवारी दुपारी बाबा भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसले. नातवाची जुनी वही, टोक गेलेली पेन्सिल. सोमी शेजारीच कोलंबी सोलत होती.

"पुनवेला निघायचं," बाबांनी मोठ्यानं लिहायला घेतलं. "साडेअकराला भरल्या पान्यात. थेट दांड्याची खाडी. पाचला आत."

"आत म्हंजे चिखलात," सोमी मान वर न करता म्हणाली.

"पुनवेला पानी भरपूर असतं, सोमे."

"भरपूर येतं, तसं भरपूर जातं बी. पाचला दांड्याच्या तोंडाशी गुडघाभर बी नाय ऱ्हात. मग बसा परत बगळ्यावानी."

बगळा निघाला तसे बाबा भडकले. "मला शिकवतेस? चाळीस वरसं तांडेल व्हतो मी!"

"व्हता ना. वीस वाव खोल पान्यात व्हता. तिथं ओहोटी लागली काय न् भरती आली काय, बोटीच्या बुडाला काय लागतंय?"

बाबांनी लिहिलेल्या ओळीकडे पुन्हा पाहिलं. खरंच की. तारे बघून अंधारात जाळं शोधून काढणारा माणूस, पण घराच्या उंबऱ्यातल्या खाडीत त्याला कधी काम पडलंच नव्हतं. मोठ्या बोटीतून तो ती फक्त ओलांडायचा, तीही पाणी भरलेलं असताना.

"मंग कवा निघायचं?" त्यांनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

"नवमीला. भांगाचं पानी, फार चढत नाय, फार उतरत नाय. तिथीची पाऊनपट म्हंजे भरतीची येळ; नवाची पाऊनपट करा, सकाली पावनेसातला भरती. उतरत्या पान्याबरोबर दक्षिनेला जायचं, नऊ वाजायच्या आत मुरब्याला मुक्काम. दशमीला साडेसाताची भरती, तवा निघायचं, पानी हाय तवर दांडा. तिथं नवसीकडं मुक्काम. माझ्या बहिनीच्या दारावरून न उतरता गेले तर ती जल्मभर ऐकवंल. एकादशीला दातिवरं."

बाबांची पेन्सिल थांबली होती. "तुला हे सगलं कुठनं ठाऊक?"

सोमीनं कोलंबी पातेल्यात टाकली. "तुमची बोट खाडीत कवा शिरंल ते मलाच मोजायला लागायचं ना. लवकर गेलं तर उन्हात उभं, उशिरा गेलं तर चांगली मासली दुसरीच्या टोपलीत. रोज तिथी बघायची, पाऊनपट करायची, बंदरावर जायचं." तिनं पुढची कोलंबी उचलली. "आन् पानी भरलं तरी बोट नाय आली, तर पुढच्या भरतीपत्तुर उभं ऱ्हायचं. एकदा दोन भरत्या उभी व्हते. भावेश पोटात व्हता."

बाबांना ती खेप आठवली. मशीन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं होतं. घरी येऊन त्यांनी चहा मागितला होता आणि तो गार आहे म्हणून कुरकुर केली होती. आज, इतक्या वर्षांनी, त्यांना त्या चहाची मनापासून लाज वाटली. पहिला कागद फाडून त्यांनी नवा घेतला. "सांग," ते म्हणाले. "हळू सांग. मी लिवतो."

रविवारी भावेशनं कागद वाचला, मोबाइलवर भरतीच्या वेळा काढून पडताळला, परत वाचला. भोक शोधायची त्याची फार इच्छा होती, पण सापडलं मात्र नाही. उलट तळाशी एक ओळ होती: फोन पिशवीत, पिशवी सोमीच्या गळ्यात.

"बाबा, हे तू लिवलंस?"

"लिवलं मी. सांगितलं तिनं."

भावेश हसला. खिशातून किल्ली काढून त्यानं बापापुढे धरली. बाबांचा हात निम्मा पुढे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

"तिला दे. ह्या खेपेला तांडेल ती हाय." मग बायकोकडे वळून, बऱ्यापैकी अदबीनं, "कवा यायचं बंदरावर?"

सोमीनं किल्ली पदराला बांधून गाठ घट्ट केली.

"सहाला," ती म्हणाली. "आन् येळेवर या. मी आता वाट बघत उभी ऱ्हानार नाय."