पुढे निळी, मागे पांढरी

सेनिहाने गाडी आणली तेव्हा ती लाल होती.

"लाल कुणी केलं हिला?" हिल्मोने विचारलं.

"तिसऱ्या मालकाने. आमच्याकडे होती तेव्हा निळी होती, आकाशी."

हिल्मो आमच्या ट्राव्निक गावातला, गाड्यांचं पत्रेकाम करणारा. जुन्या गाड्यांना हात लावणारा गावात तो एकटाच उरला आहे. लाश्वा नदीच्या काठाला त्याचं वर्कशॉप, आणि वर्कशॉपच्या वर घर. सेनिहाची गाडी म्हणजे फिचो. छोटीशी, दोन दारांची, इंजिन मागे. एके काळी आमच्याकडे ज्या घरापुढे फिचो उभी नसे, ते घर मुलगी मागायला जातानासुद्धा जरा खालच्या आवाजात बोलायचं.

हिल्मोने डावं दार लावून पाहिलं. ते चौकटीला अडलं.

"गुडघ्याने जरा उचलून ढकललं की लागतं, उस्ताद."

"ढकललं की माझी बायकोही गप्प बसते. म्हणून काही घर सरळ चाललंय असं नाही."

"ऐकतेय मी," वरून रझियाचा आवाज आला.

सेनिहा हसली, पण लगेच गंभीर झाली. तिला काय हवं होतं ते तिने कॉफी पिताना सांगितलं. इंजिन जेमतेम चाललं तरी चालेल, तिला काही लांब जायचं नव्हतं. बॉडी मात्र पहिल्यासारखी सरळ हवी होती. आणि मागच्या भागातलं शक्यतो काही बदलायचं नाही. मागचा तळ, मागची छोटी काच, सगळं आहे ते जपायचं.

"मागे असं काय आहे?" रझियाने विचारलं.

"मागे माझा भाऊ होता."

नेदिम तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मार्च महिना होता. त्यांच्या दोन्यी वाकुफ गावातल्या डॉक्टरने पोटाला हात लावला आणि ताबडतोब ट्राव्निकच्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. मध्ये कोमारचा घाट. घाटात बर्फ पडलेलं, ट्रक आडवे झालेले. वडील गाडी चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, आणि मागे सेनिहाच्या मांडीवर नेदिमचं डोकं. घाट उतरायच्या आत तो गेला. वडिलांनी त्याच आठवड्यात गाडी विकून टाकली, कुणाला न विचारता. सेनिहाने त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. ते वारले तेव्हाही ती कबरीपाशी कोरड्या डोळ्यांनी उभी होती.

पुढे ती मोठी झाली, नोकरीला लागली, आणि एका मालकाकडून दुसऱ्याचा, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा पत्ता विचारत गाडी शोधत राहिली. शेवटी ती याय्त्से गावाजवळ एका गोठ्यात सापडली. पुढच्या डिकीत ठोकलेला नंबर तिने आईला फोनवर वाचून दाखवला. आईला तो पाठच होता, कारण आई इतकी वर्षं त्याच आकड्यांवर लॉटरी लावत आली होती.

"मग मी मागे जाऊन बसले," सेनिहा म्हणाली. "त्या काचेला गाल लावून. गोठ्याचा मालक बिचारा बाहेर ताटकळत उभा."

रझियाने सेनिहाच्या कपात उरलेली कॉफी ओतली.

दुसऱ्या दिवसापासून हिल्मो कामाला लागला. सीटा, काचा, इंजिन, सगळं उतरवून त्याने नुसता सांगाडा टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढवला आणि घोड्या पातळीत आणल्या. आता तो काय मोजत होता ते समजून घ्यायचं असेल, तर बुटांचं एक रिकामं खोकं घ्या. झाकण नको. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना हलकेच दाबा. खोकं तिरकं होतं. चारही बाजूंची लांबी होती तेवढीच राहते, पण एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर एकीकडे वाढतं आणि दुसरीकडे घटतं. गाडीच्या सांगाड्याचंही तसंच आहे. दोन्ही तिरकी मापं जुळली तर सांगाडा सरळ. नाही जुळली, तर दारं अडतात, काचा तडकतात, आणि रस्त्यावर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते.

हिल्मोकडे त्यासाठी एक लांब नळी होती, दोन्ही टोकांना पिना असलेली. लग्न झाल्यापासून तिचं दुसरं टोक धरायचं काम रझियाचं.

"नीट धर. हात हलतोय तुझा."

"माझा हात हलत नाही. तुझे डोळे हलतात."

मापात दोन बोटांचा फरक आला. हिल्मोला फारसं आश्चर्य वाटलं नाही. कधीतरी पुढून धडक बसली असेल. त्याने सांगाडा जमिनीतल्या कड्यांना बांधला, साखळी लावली आणि जॅकने हळूहळू ओढायला घेतलं. माप जुळलं. साखळी सोडली, तसा सांगाडा होता तिथे परत गेला. थोडं परत जाणं पत्र्याच्या स्वभावातच असतं, म्हणून गरजेपेक्षा जरा जास्त ओढायचं असतं. त्याने जास्त ओढलं. तरीही साखळी सुटल्यावर सगळा फरक जसाच्या तसा.

"मोडलेला पत्रा असा वागत नाही," तो म्हणाला. "काही ना काही तरी ऐकतोच."

मग त्याने नळी लहान केली आणि सांगाड्याचा पुढचा अर्धा भाग वेगळा मोजला. तो काटकोनात होता. मागचा वेगळा मोजला. तोही काटकोनात. दोन्ही भाग सरळच होते. फक्त एकमेकांना तिरके लागलेले होते.

हिल्मो बराच वेळ स्टुलावर बसून राहिला. मग उठून त्याने ग्राइंडर घेतला आणि दाराच्या उंबऱ्यावरचा रंग काढला. रंगाखाली पुट्टीचा जाड थर होता. पुट्टी खरवडल्यावर वेल्डिंगची ओबडधोबड रेघ दिसली. ती उंबऱ्यातून निघून पुढच्या सीटच्या मागून तळावर आडवी गेली होती, आणि दुसऱ्या उंबऱ्यातून वर चढून छतावरून परत आली होती. गाडी अख्खी कापलेली होती. पुढचा अर्धा भाग एका फिचोचा, मागचा अर्धा दुसरीचा. एकीचा मागचा भाग चेपला असेल, दुसरीचा पुढचा. कुणीतरी दोन मेलेल्या गाड्यांतून एक चालती गाडी केली होती आणि वर लाल रंग फासला होता.

रेघेच्या पुढे त्याने लाल रंग घासला. खाली आकाशी निळा निघाला. रेघेच्या मागे घासला. खाली पांढरा.

"पांढऱ्याखाली बघ," रझिया म्हणाली. "मध्ये कुणी पांढरी केली असेल."

त्याने पांढराही घासला. खाली निळा नव्हताच, कारखान्यात देतात तो तांबूस अस्तराचा थर होता, आणि त्याखाली लोखंड.

रझियाने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. "तिला सांगू नकोस."

"अगं, काय बोलतेस?"

"सरळ कर, निळा रंग दे आणि देऊन टाक. तिला कसं कळणार?"

"मला कळलंय ना."

"तुला कळलंय तर तू झोपू नकोस. ती तरी झोपेल."

हिल्मोने ग्राइंडरची वायर गुंडाळून ठेवली. "रझिया, उद्या कुणी दुसरा उस्ताद ही गाडी उघडेल. आज ना उद्या उघडतोच कुणीतरी. तेव्हा तिला वाटेल मी तिला फसवलं. आणि ती मागच्या सीटवर बसून रडेल, ते बघत मी इथे उभा राहू? ते काही मला जमायचं नाही."

सेनिहा शनिवारी आली. हिल्मोने काही बोलायच्या आधीच तिला दोन रंग दिसले. ती जवळ गेली. वेल्डिंगच्या रेघेवरून तिने बोट फिरवलं.

"ही रेघ कसली, उस्ताद?"

त्याने सांगितलं. अगदी हळू, एकेक गोष्ट, मुलांना शिकवावं तशी. मग तिने बाकावरचा पॉलिश पेपर उचलला, मागच्या भागात वाकून शिरली आणि मागच्या काचेखालचा पत्रा घासायला लागली. लाल गेला. पांढरा आला. ती घासतच राहिली. बोटांच्या पेरांना रक्त आलं तेव्हा हिल्मोने तिच्या हातातून पेपर काढून घेतला.

"आमचा मागचा भाग कुठे असेल?"

"चेपला असणार. म्हणूनच कापला. भंगारात गेला असेल."

"आणि हा कुणाचा?"

"ते कसं कळणार, पोरी? कुणाचा तरी."

ती तिथेच तळावर बसली. पुढच्या भागाकडे बघत म्हणाली, "म्हणजे मला बाबांचा भाग मिळाला."

रझिया तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या बोटांना फडकं गुंडाळू लागली.

"गाडी परत नेऊ का?" हिल्मोने विचारलं. "गोठेवाल्याकडून पैसे काढून देतो तुझे."

"नको. आईला कबूल केलंय. तिला एकदा बसायचंय हिच्यात. पुढे, बाबांच्या शेजारी. निदान ते तरी खरं आहे ना?"

"ते खरं आहे."

"मग करा सरळ. आणि आईला सांगू नका."

हिल्मोने जुनं वेल्डिंग पूर्ण कापलं. दोन भाग वेगळे झाले तेव्हा वर्कशॉपमध्ये खरोखर दोन गाड्या उभ्या असल्यासारखं दिसत होतं, एक निळी, एक पांढरी. त्याने त्यांना फ्रेमवर बांधलं, केसभर पुढे, केसभर मागे करत मापं जुळवली आणि आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारले. मग दारं बसवून पाहिली. ती लागली. तेव्हा कुठे त्याने पक्कं वेल्डिंग केलं, तेही एका बाजूला सलग न करता, थोडं इकडे, थोडं तिकडे. कारण तापलेला पत्रा ओढतो आणि एवढी जुळवलेली मापं पुन्हा फिरतात. शेवटचं माप घेताना नळीचं दुसरं टोक सेनिहाने धरलं. दोन्ही तिरकी अंतरं सारखी आली. हिल्मो अशा वेळी एरवी शीळ घालतो. त्या दिवशी त्याने घातली नाही.

गाडी रंगून तयार झाली तेव्हा सफरचंदांना बहर आला होता. सेनिहा आईला घेऊन आली. नूरा आता ऐंशीला टेकलेली, काठी घेऊन चालणारी, पण जीभ शाबूत. तिने आधी पुढची डिकी उघडायला लावली आणि ठोकलेल्या नंबरावर हात फिरवला.

"या आकड्यांनी मला आजवर एक दमडी दिली नाही," ती म्हणाली. "पण हेच ते."

"ये आई, बस. तुझी जागा." सेनिहाने पुढचं दार उघडून धरलं.

नूरा आत डोकावली. स्टिअरिंगकडे बघितलं, नवऱ्याच्या सीटच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला. मग म्हणाली, "मला मागे बसव."

सेनिहाने हिल्मोकडे पाहिलं.

"मावशी, मागे पाय दुमडावे लागतील," हिल्मो घाईने म्हणाला. "पुढे बसा की आरामात."

"आराम घरी आहे, बाळा. त्या दिवशी मी पुढेच बसले होते. मागे वळून हात लांब करत होते, पण पोचत नव्हता. बसव मला मागे."

सीट पुढे वाकवून दोघांनी तिला आत घातलं. तिने काठी बाहेर दिली, बूड सरकवत कोपऱ्यात गेली आणि शेजारची जागा थोपटली. सेनिहा आत जाऊन बसली. रझिया कॉफीचा ट्रे घेऊन जिन्यावर आली होती, ती तिथेच थांबली.

"इथंच ना गं?" नूराने विचारलं. तिचा तळहात सीटवर होता.

सेनिहाने तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"हो, आई. इथंच."

"काय बोलला का तो तुझ्याशी? मला पुढे काही ऐकू येत नव्हतं. ते इंजिन, ते बर्फ, आणि तुझे बाबा मोठमोठ्याने देवाला हाका मारत होते."

इतक्या वर्षांत आईने हे कधी विचारलं नव्हतं.

"पाय गार पडलेत म्हणाला."

"मग?"

"मग मी माझे मोजे काढून त्याला घातले."

नूराने मान वर केली. "निळ्या काठाचे."

"हो."

"हॉस्पिटलात त्याचे कपडे माझ्या हातात दिले, त्यात होते. मी म्हटलं हे कुणाचे. दुसऱ्या कुणाचे चुकून आलेत असं वाटलं. मी ते तिथल्या बाकावर ठेवून आले." तिने सेनिहाकडे पाहिलं. "कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस, आई."

"नाही विचारलं." नूराने खाली वाकून सेनिहाच्या पायांकडे पाहिलं, जणू ते अजून त्या मुलीचे पाय होते. मग तिचा गुडघा दोन्ही हातांनी धरला.

"म्हणजे एवढ्या बर्फात तू अनवाणी होतीस, पोरी? थंडी वाजली असेल ना तुला?"